लिटरमागे एक झाकण

पंपावर पेट्रोल भरून झालं की दादा गाडी हलवतात. पैसे नंतर. आधी टाकीचं झाकण लावायचं, दोन्ही हातांनी हँडल धरायचं आणि मांडीखालची स्प्लेंडर डावीकडं-उजवीकडं चार-पाच वेळा गदागदा हलवायची. टाकीत खळखळ वाजतं. मागं रांगेतला ट्रॅक्टरवाला हॉर्न देतो. आमच्या पंपावरच्या जुन्या पोरांना याची सवय झाली आहे, पण एखादा नवा असला तर विचारतो, "काका, काय झालं? टाकीत काही पडलं का?"

दादा म्हणतात, "नाही, मुरवतोय."

मुरवण्यासारखं त्या टाकीत काही नसतं. ही फोर-स्ट्रोक गाडी. तिचं ऑइल खाली इंजिनात वेगळं राहतं, पेट्रोलशी त्याची गाठभेट होत नाही. दादांना हे पक्कं ठाऊक आहे. 1996 साली ही गाडी घरात आली त्या दिवसापासून ठाऊक आहे. पण त्याआधीची पंधरा वर्षं त्यांनी जी गाडी चालवली तिच्या पेट्रोलमध्ये ऑइल घालावं लागायचं, लिटरमागे एक झाकण, आणि घातल्यावर गाडी हलवावी लागायची. नाही तर ऑइल तळाशी बसायचं. डोक्याला कळलेलं हातापर्यंत पोचायला जाफराबादची फाईल मंत्रालयात पोचायला लागतो तेवढा वेळ लागतो, आणि दादांची ही फाईल बहुतेक वाटेतच कुठं तरी गहाळ झाली आहे.

मला ते गदागदा हलवणं आवडतं. का आवडतं ते सांगायला मात्र जरा लांबून यावं लागेल.

आमचं गाव खेळणा आणि पूर्णा मिळतात तिथलं. औरंगजेबाच्या काळातल्या एका जाफरखानाचं नाव गावाला लागलं, जुनी गढी आहे, तटाचे अवशेष आहेत, आणि तटाच्या आतबाहेर सगळीकडं काळी माती आहे. ही माती उन्हाळ्यात तोंड वासते आणि पावसाळ्यात माणसाचे पाय धरते. दादा नदीपलीकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर होते, सायकलवर जायचे. 1 मे 1981 ला जालना जिल्हा झाला. तोवर आम्ही औरंगाबादेत होतो; एका सकाळी, घर न बदलता, जालन्यात आलो. पगारपत्रकावरचं जिल्ह्याचं नाव बदललं आणि त्याच वर्षी दादांनी सायकल बदलली.

युरोपची गाडी घ्यावी की जपानची, असा प्रश्न त्या साली जाफराबादेत कुणाला पडायचं कारण नव्हतं. जपान म्हणजे ट्रान्झिस्टर, कुणाच्या तरी दुबईतल्या मेहुण्यानं आणलेलं मनगटी घड्याळ, आणि इतिहासाच्या पुस्तकातला हिरोशिमाचा धडा. रस्त्यावर गाड्या तीनच: बुलेट, येझदी आणि राजदूत. तिन्हींचं मूळ युरोपातलं, हे तिन्हींपैकी एकाही मालकाला माहीत नव्हतं. माहीत असून त्यांनी काय केलं असतं, हेही सांगता येत नाही.

दादा विचारायला गेले ते मिस्त्रीचाचांकडं. वेशीजवळ चिंचेखाली त्यांचं दुकान. दुकान म्हणजे एक पत्रा, एक पेटी आणि ऑइलनं काळी झालेली दोन हात जमीन. चाचांनी पहिला प्रश्न विचारला तो पैशांचा नव्हता. "गुरुजी, मागं कोन बसनार हाय?"

"बायको. आणि दोन लेकरं."

"मग बुलेट सोडा. ती पाटलाची न् फौजदाराची. वजन पाहिलं का तिचं? चिखलात पडली तर उचलायला बैलजोडी लागंल." बुलेटचं आणखी एक होतं. तिचा गिअर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या. त्यामुळं ती कुणी उसनी मागत नसे. मागितलीच तर पहिल्या वळणावर ब्रेक म्हणून गिअर दाबायचा आणि बाभळीत जायचा. बुलेटवाल्याला गाडी देण्याचं संकट कधी आलं नाही. मला वाटतं इंग्रजांनी मागं ठेवलेल्या सोयींपैकी ही एक. तिचं रेडिचमधलं मूळ दुकान 1970 च्या आत-बाहेर मिटलं, पण मद्रासला ती निघत राहिली, आणि आमच्याकडचे दूधवाले तर पुढं डिझेलची बुलेट वापरायचे, तिच्यात लोम्बार्डिनी या इटालियन नावाचं इंजिन. पाणी उपसणाऱ्या इंजिनाला दोन चाकं लावावीत तशी ती चालायची. तिच्यावर बसून बोलणाऱ्या माणसाचा आवाज कीर्तनकारासारखा कापायचा.

येझदी दादांना आवडली होती. तिचा किकचा दांडा आणि गिअरचा दांडा एकच. किक मारून गाडी सुरू झाली की तोच दांडा आत ढकलून पुढं वळवायचा, झाला गिअर. दादांनी ती युक्ती चारदा करून पाहिली आणि म्हणाले, "म्हणजे शिपाई आणि हेडमास्तर एकच माणूस." त्यांच्या शाळेत खरंच तसं होतं, त्यामुळं त्यांना त्या दांड्याची कीवही आली असावी.

राजदूत ठरली ती एका वाक्यावर. चाचा म्हणाले, "हिचं सामान देऊळगावराजाला मिळतं, जालन्याला मिळतं. न् नाही मिळालं तर मी घडवतो." तर आमची निवड अशी झाली. ताकद, रूप, देश काही नाही. चाचा काय घडवू शकतात, ते. एका ग्रामसेवकाची बदली झाली होती, त्यांची जुनी घेतली.

राजदूत हा शब्द पुल्लिंगी. कचेरीतला माणूस, रुबाबदार, परदेशी पाठवलेला. पण आमच्या उंबऱ्याशी आला आणि त्याची 'ती' झाली. मायनं तिला कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवला. हा राजदूत कुठल्या दरबाराचा, ते मला फार पुढं कळलं. पोलंडमध्ये किएल्त्से नावाच्या गावी एसएचएल म्हणून एक गाडी निघायची. तिच्या एम-11 या मॉडेलचा परवाना एस्कॉर्ट्स कंपनीनं घेतला आणि साठच्या दशकात फरिदाबादेत ती बनवायला लागली. येझदीचंही तसंच. प्राग शहरातल्या यानेचेक नावाच्या शस्त्रं बनवणाऱ्या माणसानं 1929 मध्ये जर्मनीच्या वाँडरर कंपनीकडून मोटारसायकल घेतली, दोघांच्या नावांची पहिली अक्षरं जोडून तिला जावा म्हटलं. 1961 पासून ती म्हैसूरला व्हायला लागली आणि 1973 मध्ये नाव बदलून येझदी झाली. म्हणजे आमच्या वाट्याला आलेला युरोप हा पॅरिस-लंडनचा नव्हताच. तो पोलंड-चेकोस्लोव्हाकियाचा होता. रांगा लावणारा, परवाने काढणारा, एक वस्तू वीस वर्षं दुरुस्त करून वापरणारा युरोप. त्याचं आणि आमचं जमलं यात नवल नाही. पुढं 1993 मध्ये चेकोस्लोव्हाकिया फुटला, तेव्हा गावातल्या येझद्या बिनदेशाच्या झाल्या, पण किकला सुरू होत राहिल्या.

पोलंडचं म्हणाल तर, आपली ओळख त्याहून जुनी. दुसऱ्या महायुद्धात रशियातून सुटून आलेली हजारो पोलिश माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, 1943 ते 1948 कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिली होती. ती गेली आणि काही वर्षांनी त्यांच्या देशाची फटफटी आली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. मला उगीच जोडाव्याशा वाटतात, एवढंच.

आता फटफटी. हा शब्द कुणी केला माहीत नाही, पण ज्यानं केला त्यानं इंजिन ऐकून केला. राजदूत सुरू करणं हा एक विधी होता. आधी पेट्रोलची चावी उघडायची, कारबोरेटरवरची बारीक घुंडी दाबून पेट्रोल ओघळेपर्यंत धरायची, ते बोटाला लागायचं. मग बिनचावीच्या दोन मोकळ्या किक, देवापुढं दोनदा घंटा वाजवावी तशा. मग चावी, आणि तिसरी खरी. लागली तर लागली. नाही लागली तर दादा खिशातून पाना काढायचे, प्लग खोलायचे आणि तोंडाजवळ धरून बघायचे. प्लगचा रंग वाचता येतो हे मी तेव्हा शिकलो. विटकरी-तपकिरी असला तर गाडी खुशीत. पांढरट असला तर उपाशी. काळा आणि ओला असला तर अजीर्ण.

आमच्या प्लगला कायम अजीर्ण. कारण दादा लिटरमागे एक झाकण या नियमावर थांबत नसत. ऑइल कमी पडलं तर पिस्टन धरतो असं चाचांनी एकदा सांगितलं होतं, आणि तेव्हापासून दादा इंजिनाला ऑइल असं वाढायचे जसं आजी पुरणपोळीवर तूप वाढायची: नको नको म्हणेपर्यंत आणि म्हटल्यावर आणखी एकदा. गाडी निळा धूर सोडत जायची. शाळेतली पोरं धुरावरून ओळखायची, गुरुजी नदीपाशी आले.

चाचांकडं गाडी न्यायची असली की मी बरोबर जायचो. त्यांचं एक काम मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. पॉइंट बसवायचे असले की ते कानावरची सिगारेट काढायचे, तिच्यावरचा पांढरा कागद नखानं अलगद सोडवायचे, तंबाखू तळहातावर ठेवून कागदाचा बोटभर तुकडा पॉइंटच्या दोन ठिपक्यांमध्ये धरायचे. दुसऱ्या हातानं चक्री हळू फिरवायची. कागद धरलेला असतो, ओढला तर येत नाही. फिरवता फिरवता एका क्षणी अलगद सुटतो. तो क्षण म्हणजे ठिणगीचा क्षण. तिथं स्क्रू आवळायचा. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची गोष्ट हा माणूस कागद सुटल्याच्या जाणिवेवर करायचा. मग तळहातावरची तंबाखू फुकट जाऊ नये म्हणून चुना मागायचा.

हे लिहिताना माझा सूर हळवा होतो आहे. म्हणून आता मायची गोष्ट.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही देऊळगावराजाला मामाकडं निघालो. मी टाकीवर, दादा, मागं माय, तिच्या मांडीवर धाकटी. ताप होता तिला, दवाखाना देऊळगावातच करू असं ठरलं होतं. वाटेत पावसानं धरलं. दादांनी डांबरी सोडून जवळची वाट घेतली, आणि काळ्या मातीनं जे करायचं ते केलं. ही माती चाकाला चिकटते, चाकाबरोबर वर जाते, मडगार्डमध्ये बसते, तिच्यावर पुढची बसते. शंभर पावलांत चाक फिरायचं थांबतं. दादा काडीनं माती काढायचे, दहा पावलं ढकलायचे, पुन्हा काडी. एका नाल्याशी इंजिनही बंद पडलं. प्लग काढला तर काजळ घातल्यासारखा. दोष गाडीचा नव्हता, वाढप्याचा होता. अंधार पडला होता. मायनं धाकटीला माझ्याकडं दिलं, बॅटरी धरली. दादा प्लग पुसतात, लावतात, किक मारतात, पुन्हा काढतात. पाऊस चालूच. बऱ्याच वेळानं माय एवढंच म्हणाली, "माझ्या लेकरापेक्षा जास्त येळा हिचं तोंड पुसलं तुम्ही आज."

दादा काही बोलले नाहीत. मीही त्या वेळी दादांच्याच बाजूचा होतो, हे आज लिहायला जड जातं.

धाकटी बरी झाली. पण मायनं त्या गाडीला पुन्हा कुंकू लावलेलं मला आठवत नाही. दसऱ्याला दादाच लावायचे.

मामानं 1987 मध्ये हिरो होंडा घेतली. सीडी हंड्रेड. दोन वर्षांपूर्वी ती बाजारात आली होती आणि तिच्याबद्दल ऐकू येणारं सगळं थापेसारखं वाटायचं. लिटरला ऐंशी किलोमीटर. पेट्रोलमध्ये ऑइल नाही. जाहिरात म्हणायची, टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा. दादांना हे ऐकून राग आल्यासारखं झालं. विसरून जा म्हणजे काय? गाडी म्हणजे काय छत्री आहे?

राखीला मामा आला तेव्हा तो आल्याचं कुणाला कळलंच नाही. कुत्रं भुंकलं नाही. माय अंगणात धुणं वाळत घालत होती. वळून बघते तर भाऊ गाडीवर बसलेला, आणि गाडी चालू! "आलास कधी?" ती दचकून म्हणाली. मामाला हे फार आवडलं. त्यानं गाडी बंद केली, परत चालू केली, परत बंद केली. एका किकला. अंगणात गल्ली जमली. एका म्हातारीनं विचारलं, "ही कसली रे फटफटी? फटफट तर करंना."

तेव्हापासूनच असावं, 'फटफटी' हा शब्द आमच्याकडं म्हाताऱ्या माणसांकडं राहिला. बाकीचे 'गाडी' म्हणू लागले. इंजिनानं आपलं नाव सांगायचं बंद केलं, तर लोक तरी काय म्हणणार? पुढं लग्नाच्या याद्यांमध्ये 'हिरो होंडा' हा शब्द सोन्याच्या खालोखाल लिहिला जाऊ लागला. त्या यादीबद्दल इथं जास्त लिहीत नाही. आमच्या घरातही ती येऊन गेली.

चाचांना मामाची गाडी दाखवली. त्यांनी भोवती एक फेरी मारली, उकिडवं बसून इंजिनावर तळहात ठेवला, जसा तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात. "थंडी हाय," म्हणाले. मग हसून, "आता आमचं पोट कसं भरायचं, गुरुजी?" पोट भरलं. उलट नंतर त्यांच्याकडं गाड्या चौपट येऊ लागल्या, कारण गावात गाड्याच चौपट झाल्या. पण काम बदललं. ऑइल काढ, ऑइल घाल, चेन आवळ, ब्रेक घट्ट कर. कानावरच्या सिगारेटला फक्त ओढण्याचं काम उरलं.

मामाच्या गाडीवरची मायची एक रात्र मला माहीत आहे. 1989 चा हिवाळा. देऊळगावहून मामा रात्री उशिरा आला, आजोबांचं खरं नाही म्हणाला, आणि माय अंगावरच्या लुगड्यानिशी त्याच्या मागं बसून गेली. पहाटे आजोबा गेले. तिची भेट झाली. तिनं हातानं पाणी पाजलं. ती रात्र ती अनेकदा सांगते: आजोबांनी कसं बघितलं, काय विचारलं, कंदिलाची काच कशी तडकली. त्या गोष्टीत गाडी कुठंच नाही. वाट नाही, थंडी नाही, किती वेळ लागला ते नाही. अंगणातून ती उठते आणि थेट आजोबांच्या उशाशी बसते. मधलं सगळं त्या जपानी इंजिनानं पोटात घालून टाकलं आहे.

पोळ्याच्या गोष्टीत मात्र सगळी गाडीच आहे.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे युरोपची गाडी आठवणीची आणि जपानची विसरण्याची. मलाही काही वर्षं तसं वाटायचं, सुबक वाटायचं. मग यामाहा आठवते आणि ते सुबकपण मोडतं. आमच्या गावच्या तरुण तलाठ्याकडं आरएक्स हंड्रेड होती. ती काही गप्प बसणारी गाडी नव्हती. कासोटा खोचून पळावं तशी पळायची आणि तिचा तो खणखणीत, टोकदार आवाज नदीपलीकडून ऐकू यायचा. दादांनी तिच्या टाकीवरचं चिन्ह पाहून विचारलं, "हे काय, त्रिशूळ?" ते तीन सूरकाटे आहेत, स्वर लावायचे. यामाहा नावाच्या माणसानं 1887 मध्ये जपानातल्या एका शाळेतला बिघडलेला ऑर्गन दुरुस्त केला आणि तिथून सगळं सुरू झालं. मोटारसायकल फार नंतरची, 1955 मधली. दादा भजनी मंडळाची पेटी दुरुस्त करायचे, सूर काढून ब्लेडनं हलका खरवडून परत बसवायचे. त्यांना हे कळलं तेव्हा जपानविषयीचा त्यांचा राग थोडा उतरला. "मग आपला माणूस आहे," म्हणाले.

आणि गंमत अशी की यामाहाची ती पहिली गाडी, जिला जपानी लोक लाल चतुर म्हणायचे, ती जर्मनीच्या डीकेडब्ल्यूच्या एका गाडीवरून बेतलेली होती. त्याच जर्मन गाडीवरून इंग्रजांनी बेतली, रशियनांनी बेतली, अमेरिकनांनीही. सुझुकीची गोष्ट तर सिनेमासारखी. पूर्व जर्मनीत एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन म्हणून एक इंजिनिअर होता, टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरची पोटं कशी फुगवली की इंजिनाला दम येतो हे त्याला उमगलं होतं. त्याचा रायडर एर्न्स्ट डेग्नर 1961 मध्ये स्वीडनमधल्या शर्यतीतून पळून गेला. बायकामुलं बर्लिनहून गाडीच्या डिकीत लपून बाहेर पडली. डेग्नर सुझुकीकडं गेला, डोक्यात काडेनचं सगळं घेऊन, आणि पुढच्याच वर्षी सुझुकी पन्नास सीसीची जगज्जेती झाली. तेव्हा नदीपलीकडून ऐकू येणारा जपानी आवाज कितपत जपानी होता, हे कुणी सांगावं? मी ही हकिकत चाचांना सांगितली होती. ते म्हणाले, "मला काय सांगता, सर. मी खोलून बघितल्यात. समदी एका खानदानाची. कुणी बोलकं, कुणी मुकं."

मी स्वतः जालन्यात ॲक्टिव्हा चालवतो. तिच्याबद्दल लिहायला बसलो तर चार ओळी होणार नाहीत. दर तीन महिन्यांनी सर्व्हिसिंगला टाकतो, संध्याकाळी घेऊन येतो, आत काय केलं विचारत नाही. तिचा प्लग मी पाहिलेला नाही. कुठं असतो तेही नक्की ठाऊक नाही. मायला घेऊन दवाखान्यात जातो तेव्हा ती मागं बसून संपूर्ण रस्ताभर शेजारणीचं सांगत असते, आणि मला सगळं ऐकू येतं.

पुतण्या वाळूजला कंपनीत आहे. बजाजनगरात खोली करून राहतो. आमच्या तालुक्यातली बरीच पोरं तिथं आहेत. गेल्या दिवाळीला आला तो मोबाईलवर गाड्या दाखवत. "काका, युरोपियन बाइक घ्यायची." एक ऑस्ट्रियाची, एक इंग्लंडची. कुठं बनतात विचारलं तर म्हणाला, दोन्ही चाकणला. जावाही 2018 मध्ये परत आली आहे, येझदी 2022 मध्ये. तेच नाव, तशीच टाकी, पण किकच्या दांड्याचा गिअर होत नाही. त्याला मी विचारलं, सामान कुठं मिळतं? तो माझ्याकडं असा बघत राहिला, जणू मी जुन्या नाण्यांबद्दल काहीतरी बोललो. मग म्हणाला, "काका, तीन वर्षांत बदलायचीच आहे ना." हप्ता किती पडतो याचा हिशेब तो करत होता, आणि हप्ता जिथं बसेल तो देश त्याला चालणार होता. दादा बाजूला बसून ऐकत होते. त्यांनी एकच विचारलं, "मागं कोण बसणार?"

पुतण्या लाजला. मागची सीट एवढीशी, बोटभर उंच. त्या चित्रात मागं कुणी बसेल असं दिसत नव्हतं.

राजदूत अजून आहे. गोठ्याच्या कडेला पडवीत, पोत्यांखाली. चाचा गेले त्या वर्षी ती शेवटची सुरू झाली होती. नंतर कोंबड्यांनी सीटचा ताबा घेतला. दिवाळीच्या त्याच आठवड्यात औरंगाबादहून एकजण ती बघायला आला. असे लोक हल्ली फिरतात. जुन्या गाड्या घेतात, रंगवून, क्रोम करून विकतात किंवा हॉटेलच्या दारात ठेवतात. सभ्य माणूस होता. बूट काढून पडवीत आला. त्यानं पोती बाजूला केली, मोबाईलचा उजेड पाडून इंजिनाचा नंबर वाचला आणि एक आकडा सांगितला. तो आकडा ऐकून मी दादांकडं बघितलं. ग्रामसेवकाला दिलेल्या पैशांच्या कितीतरी पट होता.

दादा आकड्याबद्दल काही बोलले नाहीत. "चालवणार का?" म्हणाले.

"बघू काका. आधी उभी तर करू."

दादा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, हळूच. सीटवरची कोंबडी हुसकली, हँडल धरलं. टायर कधीच बसलेले, गाडी जागची हलेना. त्यांनी छातीचा रेटा दिला आणि ती स्टँडवरच डावीकडं-उजवीकडं डुलली. एकदा, दोनदा. टाकीच्या आत काहीतरी वाजलं. बारीक, कोरडं की ओलं ते कळेना. इतक्या वर्षांचं पेट्रोल उरणं शक्य नाही. गंज सुटला असेल, किंवा कोंबड्यांचं दाणं कुठून तरी आत गेलं असेल. पाहुण्यानं कान टाकीला लावला. दादांनी पुन्हा हलवली. दोघंही वाकलेले, कुणी काही बोलेना.

स्वयंपाकघरातून मायनं विचारलं, "चहा टाकू का? का अजून पुसायचंच चाललंय?"